घरबसल्या मायएसक्यूएल

मायएसक्यूएल शिकू इच्छिणाऱ्याने मॅन्युअल उघडू नये. वाचत बसले तर शिकायचे कधी? थेट रूट म्हणून लॉगिन करावे आणि पासवर्ड रिकामा ठेवावा. सगळे अधिकार हाती असले की चुकांना आडकाठी राहत नाही.

इतिहास मात्र पाठ असावा, मुलाखतीत खपतो. जन्म १९९५, स्वीडन. कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी आपल्या मुलीचे ‘माय’ हे नाव दिले. २००८ मध्ये सन कंपनीने हा डेटाबेस विकत घेतला, २०१० मध्ये सनच ओरॅकलने घेतली. तोवर विडेनियस यांनी खुला कोड उचलून वेगळी चूल मांडली होती, धाकट्या मुलीच्या नावाने: मारियाडीबी. दोन्ही मुक्त स्रोत, त्यामुळे दोन्ही अर्धवट शिकायला पैसे पडत नाहीत.

आता पहिली क्वेरी. ‘सिलेक्ट’ लिहावे, टेबलाचे नाव लिहावे, एंटर मारावे. काहीच होणार नाही. खालच्या ओळीत नुसता बाण दिसेल. पुन्हा एंटर, पुन्हा बाण. इथे सर्व्हर अडकल्याचे जाहीर करून नेटवर्कवाल्याला फोन लावावा. खरे तर आपण ज्यात टाइप करतो तो क्लायंट बिचारा सेमीकोलनची वाट पाहत असतो. अवतरणचिन्ह उघडे राहिले तर आणखी मजा: बाणाच्या दांडीच्या जागी तेच चिन्ह येते, आणि मग कितीही सेमीकोलन टाका, सगळे मजकुरातच जमा. आधी अवतरण बंद करावे, मग बॅकस्लॅश सी मारून सुटावे. हे साहेबांसमोर करू नये. आपल्याला येते असे त्यांना वाटेल.

रिकामे खाने शोधताना ‘फोन = नल’ असे विचारावे. एकही ओळ येत नाही, कारण नल कुणाच्याच बरोबरीचा नसतो, स्वतःच्याही नाही. ‘इज नल’ विचारणारे उगाच घाई करतात.

मराठी मजकुरासाठी ‘यूटीएफ८’ निवडावे. मायएसक्यूएलमध्ये या नावाखाली एका चिन्हाला तीनच बाइट मिळत आले. देवनागरी चिन्ह बरोब्बर तीन बाइटचे, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ बिनतक्रार बसतो. गिऱ्हाइकाने शेवटी हसरा चेहरा टाकला की तो चार बाइटचा, आणि नोंद अडते किंवा तिथून पुढे कापली जाते. हे टाळणारे ‘यूटीएफ८एमबी४’ घेतात. आवृत्ती ८ पासून न सांगता तेच मिळते, म्हणून जुनीच आवृत्ती धरून ठेवावी.

शेवटचा धडा डिलीटचा. ‘व्हेअर’ची अट लिहिण्यात वेळ दवडू नये. ‘डिलीट फ्रॉम ग्राहक’, आणि आता मात्र सेमीकोलन न विसरता. ‘क्वेरी ओके’ असे प्रसन्न उत्तर येते, पुढे उडालेल्या ओळींचा आकडा. ऑटोकमिट आपोआप चालू असतो. नंतर रोलबॅक म्हणणे म्हणजे वरातीमागून घोडे.

भित्र्यांसाठी एक सोय आहे. क्लायंट सुरू करताना ‘सेफ-अपडेट्स’ हा पर्याय लावला, की अट नसलेले डिलीट आणि अपडेट सर्व्हर चालवतच नाही. याच पर्यायाचे दुसरे अधिकृत नाव आहे ‘आय-ॲम-अ-डमी’, म्हणजे ‘मी ढ आहे’. कोणतेही नाव लिहा, काम तेच होते. पण चालू सर्व्हरवर जाण्याआधी लिहा.