क्वार्टरकाका

न्यू जर्सीतल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक क्वार्टरकाका असतात. तुमच्या मंडळात नसतील, तर ते अजून रिटायर व्हायचे आहेत, एवढंच. दुकानात मोड परत मिळाली की तुम्ही-आम्ही ती न बघता खिशात टाकतो. काका गल्ल्यासमोरच थांबतात आणि पंचवीस सेंटांचं एकेक नाणं, म्हणजे क्वार्टर, उभं धरून त्याची कड बघतात. कडेला तांब्याची लालसर रेघ दिसली, की 'हं' म्हणून ते खिशात. कड सबंध पांढरी निघाली, तर नाणं बहुतेक 1964 चं किंवा त्याआधीचं: नव्वद टक्के चांदी, वजन सव्वासहा ग्रॅम. मागची रांग खोळंबते. खोळंबेना का!

काकांच्या लेखी अमेरिकेच्या इतिहासात खलनायक एकच, लिंडन जॉन्सन. व्हिएतनामचं त्यांना फारसं काही नाही. पण 1965 च्या जुलैत या गृहस्थांनी एका कायद्यावर सही केली आणि क्वार्टरमधली चांदी गेली. "देश घसरला तो तिथून," असं काका आमटी ओरपता ओरपता सांगतात. त्याच जॉन्सननी त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसऱ्या एका कायद्यावर सही केली, म्हणून आपल्यासारख्यांना या देशाचं दार उघडलं, हे त्यांच्या कानावर घालून बघा. काका कोशिंबीर मागतात.

त्यांना खरा बहर येतो तो गणेशोत्सवात. आरती झाली, जेवणं उरकली, की कुणीतरी पाकिटाच्या चोरकप्प्यातून एक नाणं काढतं आणि ज्योतिषापुढे पत्रिका ठेवावी तसं काकांपुढे ठेवतं.

"काका, 1776 चं आहे! दोन तारखा आहेत बघा, 1776 ते 1976."

काका भिंग काढतात. खरं तर भिंगाची गरज नसते. ढोल वाजवणारा शिपाई त्यांना हातभरावरून दिसलेला असतो. पण समोरच्याच्या मुलीचं शिक्षण, नवं घर, सगळं त्या नाण्यावर उभं राहीपर्यंत ते थांबतात.

"स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचं. दीडशे कोटींहून जास्त पाडलेत."

"म्हणजे किती येतील?"

"पंचवीस सेंट."

हे दोन शब्द उच्चारताना काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते त्यांना पगारवाढीच्या पत्रानेही कधी दिलं नसेल. माझा तर संशय आहे, की हा छंद नाण्यांचा नाहीच. लोकांच्या नाण्यांची किंमत त्यांना सांगण्याचा आहे.

स्वतःच्या नाण्यांना मात्र हा न्याय लागू नाही. त्यांच्याकडे उभ्या लिबर्टीचं एक नाणं आहे, आणि त्यावरची तारीख पार झिजून गेली आहे. या नाण्याचं दुखणंच ते: तारीख उठावाची होती, खिशाखिशांतून फिरताना तीच आधी घासली जायची. 1925 मध्ये टांकसाळीने ती थोडी खोल बसवली, तेव्हा कुठे ती टिकू लागली. आता काकांचं नाणं 1916 चं असेल, तर हजारो डॉलरांचं, कारण त्या वर्षी 52,000 च पाडली गेली. नसेल, तर चांदीच्या भावाचं. तारीख नसली तरी बाईच्या केसांवरून आणि झग्याच्या काठावरून जाणकाराला वर्ष ओळखता येतं. ते ओळखायला काका रोज रात्री टेबललॅम्पखाली बसतात. सुरुवातीच्या या नाण्यांवर लिबर्टीची छाती एका बाजूने उघडी आहे. 1917 मध्येच तिला चिलखत चढवलं गेलं. काकूंनी एकदा मागून येऊन नाणं बघितलं, भिंग बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, झोपा आता."

काकूंचा या शास्त्रात एवढाच सहभाग असता तरी चाललं असतं. पण एका लक्ष्मीपूजनाला त्यांनी 1932 चं एक काळं पडलेलं नाणं चिंचेने लख्ख घासलं. साधंसुधं नव्हे, डेन्व्हर टांकसाळीचं. ती 4,36,800 च निघाली होती. नाणं उजळलं, भाव काळवंडला. जुनं नाणं घासलं, की संग्राहक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. काकांनी त्या रात्री दिवाळीचा फराळ सोडला. चकली तेवढी खाल्ली.

बाकी दिनक्रम नेमाचा. एका बँकेतून पाचशे डॉलरांची पेटी आणायची, त्यातली पन्नास पुडकी फोडून दोन हजार कडा बघायच्या, आणि उरलेलं, म्हणजे जवळजवळ सगळंच, दुसऱ्या बँकेत भरायचं. पहिल्या बँकेत भरलं तर तीच नाणी पुन्हा वाट्याला यायची. वेगळं काही सापडलं की डब्यात. बिस्किटांचे असे डबे तळघरात ओळीने आहेत, आणि त्यांतलं नाणं आजवर एकही विकलेलं नाही.

"माझ्यामागे याचं काय करायचं?" असं काका मुलाला एकदा विचारणार होते, पण त्यानेच उत्तर आधी दिलं: "बाबा, सुपरमार्केटमध्ये मशीन असतं. त्यात ओतायचं, नोटा घ्यायच्या." काकांनी त्याच्याशी अबोला धरला. सून अमेरिकन. तिने डब्यातलं एक नाणं उचललं, कड बघितली, आणि डेन्व्हरचा डी कुठे असतो ते विचारलं. काकांनी नाणं उलटं करून गरुडाखालची जागा दाखवली, मग 1968 पासून तो वॉशिंग्टनच्या शेंडीमागे कसा गेला ते सांगितलं. पोरगी ऐकत राहिली.

मृत्युपत्र बदललं आहे. डबे सुनेला. मुलाला नुसतं घर.