रहस्यकथेसाठी लोणावळाच!

नवोदित रहस्यकथाकारांच्या काटकसरीचे कौतुक करावे तेवढे थोडे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. आजचा नवोदित मात्र पहिल्याच कथेत थेट लोणावळ्याला उतरतो. बंगला भाड्याने, धुके फुकट, वीज ऐन वेळी जाणारी आणि मृतदेहासाठी टायगर पॉइंटची दरी. कथेत एकाहून अधिक गुप्त वाटा नकोत, असा नियम इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये घातला; बिचाऱ्यांनी बोरघाटातले बोगदे मोजले नसावेत.

नगरपरिषदेने आता एक खिडकी योजनाच सुरू करावी. एका अर्जावर खोकणारा चौकीदार, अर्धवट जळालेली चिठ्ठी आणि पाव किलो चिक्की मिळावी. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मात्र खुनास मनाई असावी. भुशी धरणाच्या रस्त्यावर खुनी आणि गुप्तहेर एकाच कोंडीत सापडले, तर कथा पहिल्याच पानावर आटोपते.

मावळातल्या एका नवोदिताने वेगळा विषय घेतला : बंगल्यामागचा डोंगर रातोरात नाहीसा होतो. संपादकांनी कथा साभार परत केली. शेरा होता, ‘रहस्य कुठे आहे? गुन्हेगाराचे नाव पहिल्याच पानावर, जाहिरातफलकावर, मोबाइल क्रमांकासह दिले आहे.’