कलमाला नायटा

आमच्या परसातल्या हापूसच्या कलमावर करड्या-हिरवट चकत्या उठल्या आणि घरी माणसांची रीघ लागली. कोकणात माणूस आजारी पडला तर फोनवर चौकशी होते. हापूस आजारी पडला की लोक जातीनं येतात. शेजारच्या अण्णांनी खोडावरून हात फिरवून निदान केलं, "नायटा झालाय." मग कुणी चुना सुचवला, कुणी मोरचूद, कुणी तारेचा ब्रश.

खरं तर तो रोग नव्हे, लायकेन. बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. बुरशीनं घर बांधायचं, ओल धरून ठेवायची. शेवाळानं उन्हावर स्वयंपाक करायचा. झाडाकडे मागणं एकच, बूड टेकायला जागा. 1867 साली सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानं हे जोडपं उघडकीला आणलं, तेव्हा लायकेनचे दिग्गज अभ्यासकच खवळले. आयुष्यभर एक म्हणून ज्याची पूजा केली, ते दोन निघाले! विल्यम नायलँडर या पंडितानं तर हे कधीच मानलं नाही. पण यानंच 1866 मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत लायकेन बघून सांगितलं होतं, की शहराची हवा कशी आहे ते यांच्यावरून कळतं. धुरातला गंधक त्यांना सोसत नाही.

"अण्णा, कलम म्हातारं झालं, पालवी विरळ झाली, खोडावर ऊन यायला लागलं, म्हणून हे फोफावलं. यानं पालवी विरळ नाही केली."

"तेच म्हणतोय मी. नायटा!"

पुढे काय बोलणार? आत आमची आई गोड्या मसाल्यासाठी दगडफूल भाजत होती, त्याचा वास ओटीपर्यंत आला होता. दगडफूल म्हणजे लायकेनच. अण्णा आमच्याकडची आमटी नेहमी वाटीभर जास्त घेतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. आक्काला सांगितलं, तर ती सुरी घेऊनच परसात निघाली. विकतचं कशाला आणायचं? तिला अडवताना मात्र दम लागला. भारतातच लायकेनच्या 2,000हून अधिक जाती आहेत आणि सगळ्याच काही आमटीत घालायच्या नसतात.

शेवटी पुण्याच्या मेव्हण्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते बागकामाचा वर्ग करून आलेत, त्यामुळे त्यांना विचारावंच लागतं. खोड बघून ते हळहळले. "आमच्या सोसायटीतली झाडं बघा, ऐन रस्त्यावर आहेत, पण खोडावर एक डाग नाही!" मग मला फोन वर धरायला लावला. वर बांडगुळाचा भला मोठा झुबका होता. फांदीत मुळं खुपसून कलमाचा रस ओढत, नारिंगी फुलांनी डवरलेला. अण्णा त्यासाठी कधीपासून कोयतीवाला गडी शोधताहेत.

"वा!" मेव्हणे म्हणाले, "ती एक फांदी तेवढी ठणठणीत आहे. तिला हात लावू नका."