आधी सुरुवात कोणी केली?

राजा रॉबर्ट बॅरॅथिअन आणि राणी सर्सी लॅनिस्टर यांच्या संसाराचा निवाडा वाचकांनी स्वतःकडे घेतला, हे फार उत्तम झालं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही कादंबरी १९९६ साली आली, तेव्हापासून दावा चालू आहे. दिवाणी कोर्टाच्या मानाने तसा तो ताजाच म्हणायचा.

मुद्दे स्वच्छ आहेत. पहिल्याच रात्री नवरा दारूच्या नशेत मेलेल्या प्रेयसीचं, लियानाचं, नाव पुटपुटला. पुढे हातही उचलू लागला. बायकोच्या तीन मुलांपैकी एकही त्याचं नाही. आता आधी सुरुवात कोणी केली, एवढं ठरलं की न्याय झाला.

राणीच्या जुळ्या भावाने, जेमीने, सात वर्षांच्या ब्रानला मनोऱ्यावरून खाली ढकललं, हे गैरलागू. तो पोरगा पक्षकारच नाही. परक्यांच्या खिडकीत डोकावू नये, हे घरून शिकवायला नको? राज्यावर साठ लाखांहून जास्त सुवर्णमुद्रांचं कर्ज आहे, त्यातले तीस लाख सासऱ्याचे. हा दोन घरांतला देण्याघेण्याचा मामला. प्रजेने त्यात पडू नये. शिकारीत राजाला कडक वाइन मिळत राहील अशी तजवीज राणीने केली, म्हणजे नवऱ्याच्या आवडीनिवडी ती जपत होती. संयम सुटला तो रानडुकराचा.

राहता राहिला मुलांचा ताबा. तो बापाकडे द्यावा की मामाकडे, यावर खल नको. दोघांना मिळून एकच नोटीस पुरेल.