लूप

भायखळ्याच्या भाजीबाजारात नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी कुणी कांदे-बटाट्यांच्या काट्यावर पाठीवरची सॅक तोलताना दिसलं, तर थांबून भाव विचारू नका. मागे एका बाईंनी विचारला होता. ते आमचे लीडर असतात.

लीडर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण गेली वीस-बावीस वर्षं आख्ख्या चाळीने त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही. वहिनीसुद्धा दार अर्धवट उघडून "तुमचे लीडर आंघोळीला गेलेत" असंच सांगतात. वय 54, पालिकेच्या पाणीखात्यात नोकरी, आणि नेमणूक माझगावच्या भंडारवाड्याच्या टेकडीवर, जिथे जलाशय आहे आणि त्याच्या डोक्यावर बाग. ह्याच टेकडीवर इंग्रजांनी 1680 मध्ये माझगावचा किल्ला बांधला होता. त्यामुळे "मी रोज गडावर कामाला जातो" हे वाक्य लीडर अगदी गंभीर चेहऱ्याने बोलू शकतात. 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने तो किल्ला घेतला, ह्या घटनेचं विश्लेषणही त्यांच्याकडे तयार आहे. "इंग्रज पळाले. का? प्लॅन बी नव्हता."

सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या पुष्कळ जाती आहेत. कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढून घेणारे आहेत, गडावर पोचताच गारद देणारे आहेत, आणि नुसतेच खाणारे तर सगळीकडेच आहेत. लीडर ह्यांतले कुणी नाहीत. लीडर आखणीवाले. डोंगर हा त्यांच्या मते कागदावर चढायचा असतो. पायांनी नंतर जायचं, ते फक्त पडताळा घ्यायला.

त्यातही साधा शनिवार-रविवारचा ट्रेक त्यांना चालत नाही. रेंज ट्रेक हवा, तीन-चार मुक्कामांचा हवा, आणि मुख्य म्हणजे तो लूप हवा. "गेल्या वाटेने परत येणं म्हणजे बाजारात जाऊन रिकामी पिशवी हलवत येणं," असं त्यांचं मत. युरोपात माँ ब्लाँला वळसा घालणारी 170 किलोमीटरची वाट आहे, माणूस तीन देश फिरून निघाला त्या जागी परत येतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि तेव्हापासून आमच्या गॅलरीचं स्वास्थ्य गेलं. "आपण तीन जिल्हे फिरू. ठाणे, नाशिक, नगर. व्हिसा नको."

मग लूप ठरला. रात्रीची शेवटची कसारा लोकल, तिथून जीपने घोटीमार्गे बारी. कळसूबाई करून रतनवाडीला पहिला मुक्काम. दुसरा रतनगडाच्या गुहेत. तिसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत. चौथ्या दिवशी पाचनईतून हरिश्चंद्रगड. पाचव्या दिवशी उतरून राजूर, घोटी, कसारा, भायखळा. चार रात्री, पाच दिवस. सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, म्हणून वनखात्याच्या पावत्यांसाठी वेगळं पाकीट, आणि मुक्कामाचे सध्याचे नियम विचारून घेतल्याशिवाय तंबूची काठी पिशवीतून बाहेर काढायची नाही, अशी सक्त ताकीद.

नकाशा गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लटकवला जाई. भारतीय सर्वेक्षण खात्याची टोपोशीट, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. तिच्यावरच्या तपकिरी रेषा म्हणजे उंचीच्या, दर रेषेला 20 मीटर. रेषा लांब लांब असतील तिथे लीडर मोकळेपणी बोलत. त्या जवळ आल्या की त्यांचा आवाज उतरे. कोकणकड्यापाशी तर त्या रेषा शेवटच्या लोकलमधल्या माणसांसारख्या एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. तिथे लीडर नुसतं बोट ठेवून गप्प राहत. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या आजींचा परकर दर वेळी रतनगडावर ठिबकायचा. लीडर तेवढा भाग टिपून घेत आणि म्हणत, "प्रवरेचा उगम."

वेळापत्रक पाहिलं की मात्र माणूस हबके. 'सकाळी 6.10 ते 6.25 चहा. 6.25 ते 6.30 निसर्ग पाहणे.' 'रतनगड, नेढं: वारा खाणे, 12 मिनिटं.' 'केदारेश्वराची गुहा: पाणी कंबरभर, गार. उतरणे 4 मिनिटं, कुडकुडणे 10.' 'कोकणकडा, सूर्यास्त: 5.50 ते 6.05. त्यानंतर भावना, 10 मिनिटं.' भावनांना दहा मिनिटं कमी पडतील, असं मी सुचवून पाहिलं. "अरे, मागे खिचडी लागते," ते म्हणाले.

पण त्यांचं खरं प्रेम वजनावर. पाणी माणशी तीन लिटर म्हणजे तीन किलो, ते कमी होणार नाही. तेव्हा बाकीच्यात काटछाट. तांदूळ आणि मूगडाळ ग्रॅमवर मोजून दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत, प्रत्येकीवर चिठ्ठी: 'रा. 2, खिचडी, चौघे'. मिरच्यांचे देठ काढलेले. लसूण सोललेला. कांदेसुद्धा मुंबईतच सोललेले, कारण "साल म्हणजे मेलेलं वजन." ह्या सोललेल्या कांद्यांमुळे कसारा लोकलमध्ये आम्हाला नेहमी ऐसपैस जागा मिळते, हा फायदा आखणीत धरलेला नव्हता. शेंगदाणे न्यायचे ते दाणेच. शेंगा नेणं हा गुन्हा. वहिनी हे सगळं उंबऱ्यात उभ्या राहून बघत असतात. "घरात किलोभर साखर आणायला सांगितली तर अंदाजाने घेऊन येतात," त्या एकदा म्हणाल्या, "आणि डोंगरावर न्यायची ती चमचे मोजून."

सराव भंडारवाड्यावरच. सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून लीडर जलाशयाच्या टेकडीच्या पायऱ्या चढ-उतर करायचे. जलाशयावर पाणी वाहून नेणारा पालिकेचा हा एकमेव कर्मचारी असावा.

आता माणसं. गटावर अकरा जणांनी 'नक्की' म्हटलं होतं. मुंबईत 'बघतो' म्हणणारा कधीमधी येतो. 'नक्की' म्हणणारा येत नाही, हे शास्त्र लीडरांना पाठ आहे, म्हणून स्वयंपाकाचा हिशेब त्यांनी आधीपासून चौघांचाच धरला होता. आम्ही चौघंच निघालो. सासऱ्यांची एकसष्ठी, ऑडिट, गुडघा, आणि एकाचं नुसतंच "अरे यार". भायखळ्याच्या फलाटावर लीडरांनी हजेरी घेतली. "2022 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळालेलं स्टेशन आहे हे," ते म्हणाले. "इथून निघणाऱ्याने गबाळेपणा करायचा नाही."

कळसूबाईचं काय सांगायचं! 1646 मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, शिड्या आहेत, माणसंही आहेत. वेळापत्रकापेक्षा दहा मिनिटं आधी उतरलो, त्यामुळे लीडरांचा मूड गेला. आधी पोचणं हीसुद्धा चूकच.

रतनगडावर मात्र दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे गुहेत सॅक उपसताना लीडरांच्या कपड्यांखालून एक स्टीलचा डबा निघाला. बेसनाचे लाडू. डब्यासकट किलोभर तरी असतील, आणि वजनाच्या यादीत नाहीत. लीडर डब्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग वहिनींविषयी एक अक्षरही न बोलता त्यांनी तीन लाडू खाल्ले. "भार हलका केला पाहिजे," एवढंच म्हणाले.

दुसरी गोष्ट नेढ्यापाशी, पहाटे. वाऱ्याने उभं राहवत नव्हतं. लीडरांनी कपातला उरलेला चहा अर्धा पश्चिमेला ओतला, अर्धा पूर्वेला. "हा कोकणात उतरून अरबी समुद्राला. हा प्रवरेतून गोदावरीला, तिथून थेट बंगालच्या उपसागराला. एका कपातला चहा, बघ." वारा असा होता की पश्चिमेचा अर्धा माझ्या स्वेटरवर आला. पण पाणीखात्यातला माणूस पाणलोटावर उभा आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि वेळापत्रकातली बारा मिनिटं उलटून गेल्याचं त्यांनाही कळलं नाही. मी सांगितलं नाही.

खाली रतनवाडीत एक मामा आदल्या दिवशी म्हणालेच होते, "कात्राबाईला माणूस घ्या बरोबर, जंगलात फाटे लई." लीडरांनी नकाशा दाखवला. मामांनी तो आदराने पाहिला आणि उलटा धरून परत दिला.

फाटे खरंच लई होते. कारवी डोक्याच्या वर, खाली पाचोळा, आणि दर दहा पावलांवर गुरांनी पाडलेली एकेक वाट. साधारण सव्वा तासाने एका उंबराखाली टरफलं दिसली. शेंगांची. लीडर उजळले. "बघा! आपल्या आधी कुणीतरी गेलंय. वाट बरोबर आहे."

टरफलं माझी होती. कसाऱ्याला जीप भरायची वाट बघताना मी चोरून पावशेर भाजक्या शेंगा घेतल्या होत्या आणि सकाळी ह्याच उंबराखाली, सगळ्यांच्या मागे राहून, फोडल्या होत्या. आता बोलायचं म्हणजे साल वाहून आणल्याचं कबूल करायचं, वर जंगलात कचरा टाकल्याचंही. न बोलायचं म्हणजे चालत राहायचं. मी चालत राहिलो.

दुसऱ्यांदा उंबर आला तेव्हा कुणीच काही बोललं नाही. लीडर वाकले. एक टरफल उचललं, वास घेतला, बोटांत चुरडलं.

"भाजलेली," ते म्हणाले. "कसारा."

तेवढ्यात शेळ्यांमागे एक पोरगा आला. कुमशेतची वाट विचारली, तर त्याने हात केला तो आमच्या पाठीमागे. मग जरा निरखून म्हणाला, "पन तुमी सकाळधरनं हितंच फिरून राह्यले ना? म्या वरून बगत व्हतो. चकवा लागला काय?"

"चकवा नाही," लीडर म्हणाले. "आखून केला तर लूप. न आखता झाला तर चकवा. हा आखलेला आहे." पोराने मान हलवली आणि एक लाडू मागितला, डबा लीडरांच्या हातातच होता. त्याला दोन मिळाले. मग आम्ही त्याच्या आणि शेळ्यांच्या मागून कुमशेतला उतरलो. हरिश्चंद्रगड राहिला.

रात्री कुमशेतच्या ओसरीवर, टॉर्च दातांत धरून, लीडर वहीत लिहीत बसले होते. मी झोपेचं सोंग घेऊन पाहिलं. 'अंतर्गत लूप, कात्राबाई जंगल. वेळ 2 तास 40 मि. पाणी नाही. सावली उत्तम.' त्याखाली रेघ मारून वजनाचा नवा तक्ता, आणि त्यात शेवटची ओळ: 'सभासद क्र. 3, टरफलं, अंदाजे 60 ग्रॅम. परतीच्या वाटेवर उचलून आणणे.'