काटक फूलझाड कसे निवडावे : आरोंदेकरांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

बागेसाठी काटक फूलझाड निवडताना पहिली अडचण पुस्तकांचीच येते. बागकामाची देखणी पुस्तके बहुतेक थंड मुलखात लिहिलेली, त्यामुळे झाडाचा काटकपणा त्यांत बर्फावर जोखलेला असतो. बारमाही फ्लॉक्सचेच पाहा. ‘डेव्हिड’ ही त्याची पांढऱ्या फुलांची जात पानांवर सहसा भुरी धरू देत नाही म्हणून नावाजलेली, आणि २००२ साली अमेरिकेत वर्षाचे मानाचे बारमाही झाड म्हणून निवडलेली. उणे तीस अंशांतही तिचे मूळ जमिनीखाली तग धरते. आरोंद्यात या गुणाचा उपयोग व्हायचा तर आधी तेरेखोलची खाडी गोठायला हवी. इथली परीक्षा वेगळी आहे : चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाडीवरचा खारा वारा आणि मे महिन्यात तापलेला जांभा. त्यात फ्लॉक्सला फुलण्याआधी हिवाळ्यात गाढ झोप लागते, आणि आपला जानेवारी त्याला धड डुलकीही काढू देत नाही.

तेव्हा इच्छुकांनी नर्सरीत न जाता मे संपता संपता गावातले एक कुलूपबंद घर गाठावे. मालक मुंबईला असावेत आणि यंदा मे महिन्यातही आलेले नसावेत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात आंबा-काजूच्या जाती पारखायला शास्त्रज्ञ लागतात. फुलांच्या बाबतीत तेच काम कुलूप बिनपगारी करते. निरीक्षण गडग्याबाहेरूनच करावे, नाहीतर शेजारची काकी ‘कोणाचो रे तू?’ म्हणून चौकशी सुरू करते. न्हाणीचे सांडपाणी बंद होऊनही जास्वंद लाल फुलत असते. कर्दळ आणि गुलबक्षी वरून वाळलेल्या दिसल्या तरी मृगाच्या सरीची वाट पाहत जमिनीखाली जिवंत असतात. अबोलीची वाळलेली कणसे निरखून बघावीत : त्यांवर पावसाचे थेंब पडले की बोंडे तडकतात, बी हातभर लांब उडते आणि पुढच्या वर्षीची लागवड माळ्याविना उरकते. जे झाड अशा खळ्यात टिकले, ते आपल्या हातूनही सहसा मरणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की कुलूपबंद खळ्यात सर्वांत जोमाने टिकते ती रानमोडी. मग तीच का लावू नये? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दुसरी कसोटी देवघराची ठेवावी. जे फूल पूजेच्या तबकात किंवा वेणीत जाते तेच ग्राह्य धरावे, म्हणजे रानमोडी आणि घाणेरी आपोआप बाद होतात. दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा : पूजेच्या फुलांत इथली मूळची किती? सदाफुली मादागास्करची, गुलबक्षी अमेरिका खंडातली, झेंडू मेक्सिकोचा. पण रानमोडीही अमेरिकेचीच, म्हणजे जन्मगाव विचारून काटकपणाही कळत नाही आणि लायकीही. ज्याने इथले पावसाळे काढले ते इथले. तिसरा आक्षेप हौशी मंडळींचा : हंगामी फ्लॉक्स तर कुंडीत येतो! येतो खरा. टेक्सासातून वनस्पतिसंग्राहक टॉमस ड्रमंडने १८३५ साली त्याचे बी ब्रिटनला पाठवले, आणि पाऊस सरल्यावर पेरले तर ते आपल्याकडेही थंडीत छान फुलते. पण उन्हे तापली की त्याचा मुक्काम आटोपतो. हंगामी फ्लॉक्स हा चाकरमानी आहे : चार दिवस घर भरून टाकतो, पण त्याच्या भरवशावर कोणी शेत पेरत नाही.

सारांश, काटक जात आपण निवडायची नसते. ती दुर्लक्षाने आधीच निवडलेली असते, आपण फक्त निकाल वाचायचा. मृग लागला की शेजारून जास्वंदीची किंवा तगरीची फांदी मागून आणावी आणि खोचावी. नंतर तिची जास्त देखभाल करू नये. रोज पाणी घालून, खत देऊन वाढवलेले झाड काटक आहे की लाडावलेले, हे शेवटपर्यंत कळत नाही. आणि एवढे करूनही फांदी मेलीच, तर पुढच्या मृगापर्यंत घराला कुलूप लावून मुंबईला जावे.