मु. पो. अज्ञात : ओपनएसएसएल यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान ओपनएसएसएल,
मुक्काम : लिनक्सवर यूएसआर किंवा यूएसआर-लोकल, मॅकवर ऑप्ट-होमब्रू, विंडोजवर देव जाणे.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण संगणकावर हजर असता, पण कामाच्या वेळी सापडत नाही. आपण कूटलेखनाची लायब्ररी; जगातले असंख्य सर्व्हर आपल्या भरवशावर कुलपे लावतात. गुप्तता राखणे हा आपला धर्म, तेही मान्य. पण ती स्वतःच्या पत्त्यापासूनच राखायची, हा नियम कुणी केला?

उबुंटूचेच घ्या. टर्मिनलमध्ये आपली आवृत्ती विचारली की आपण ऐटीत आकडा सांगता. त्या आकड्यावर विसंबून एखादा बिचारा आपला प्रोग्रॅम कंपाइल करायला बसतो आणि पहिल्याच इन्क्लूडला कंपायलर म्हणतो, 'एसएसएल डॉट एच : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. म्हणजे आपण वापरायला आहात, पण आपल्यावर काही बांधायचे असेल तर हेडर फायली लिबएसएसएल-डेव्ह नावाच्या वेगळ्या पॅकेजातून मागवायच्या. माहीत असेल त्याला दोन मिनिटांचे काम. माहीत नसेल त्याची दुपार गेली.

मॅकवर तर भाऊबंदकीच. ॲपलने २०११ साली लायन आवृत्तीत आपल्याला कालबाह्य ठरवले आणि २०१५ साली एल कॅपिटनच्या एसडीकेमधून आपल्या हेडर फायली काढून टाकल्या. आता तिथे आपल्या नावाने हाक मारली की ओ देतात लिबरएसएसएल, म्हणजे २०१४ साली ओपनबीएसडीच्या मंडळींनी वेगळी चूल मांडली ते आपले भाऊ. होमब्रूवरून आपल्याला रीतसर बोलावले, तरी ते बरीच वर्षे आपल्याला सार्वजनिक वाटेवर न ठेवता आतल्या खोलीत बसवत असे. ती खोली इंटेलच्या मॅकवर यूएसआर-लोकलमध्ये आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ऑप्ट-होमब्रूमध्ये. जुन्या मेकफाइलला यातले काहीच ठाऊक नसते.

बरे, सोर्सवरून बांधायला घेतले तर आपली बडदास्त निराळीच. आपण सी भाषेतले; पण कॉन्फिगर करायला आधी पर्ल लागते, आणि फेडोरावर ते पर्लही अपुरे निघते, कारण आयपीसी-सीएमडी हे मॉड्यूल वेगळे घालावे लागते. विंडोजवर पर्ल, नॅझम आणि व्हिज्युअल स्टुडिओचे एनमेक हवे. शिवाय कमांड प्रॉम्प्टही योग्य तोच उघडायला हवा. ३२ बिटांच्या प्रॉम्प्टमध्ये ६४ बिटांचे बांधकाम काढले, तर यंत्राचा प्रकार जुळत नाही एवढे सांगून लिंकर मोकळा होतो.

या लिंकर महाशयांबद्दल थोडे. स्टॅटिक लायब्ररी जोडताना लिनक्सवरचा जुना, पारंपरिक लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच जातो. पंगतीत भात वाढून पुढे गेलेला वाढपी मागाहून पान मांडणाऱ्याकडे वळत नाही, तसा. म्हणून आपल्या दोन लायब्रऱ्यांपैकी एसएसएल आधी आणि क्रिप्टो नंतर लिहायची; कारण मागणारा एसएसएल आणि पुरवणारा क्रिप्टो. क्रम उलटा झाला की पडदाभर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. प्रत्येक ओळीत काय मिळाले नाही ते लिहिलेले असते. क्रम चुकला, हे मात्र एकाही ओळीत नसते.

आणि २०१६ साली आपण १.१.० आवृत्तीत जी आवराआवर केली, ती तर कोरून ठेवावी अशी. मूळच्या एसएसएलईएवाय प्रकल्पातून, म्हणजे एरिक यंग यांच्या आद्याक्षरांतून आलेले लिबईएवाय३२ हे विंडोजवरचे नाव आपण टाकले आणि लिबक्रिप्टो झालात. जुने प्रोजेक्ट जुन्याच नावाने हाका मारत राहिले. आतल्या रचना झाकून घेतल्यात, त्यामुळे ज्यांनी थेट आत हात घातला होता त्यांचा कोड अडला. हे योग्यच केलेत. पण एसएसएल-लायब्ररी-इनिट या फंक्शनचे काय? ते लायब्ररीतून उठून हेडरमध्ये मॅक्रो होऊन बसले. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्ट आपली ओळख पटवायला नेमके हेच नाव लायब्ररीत शोधत. ते मिळेना, म्हणून त्या निकाल देऊ लागल्या : ओपनएसएसएल इन्स्टॉल केलेले नाही. लायब्ररी तिथेच, नवीकोरी, आणि स्क्रिप्ट मृत्यूचा दाखला लिहून मोकळी!

एवढे सगळे पार पडून कंपाइल झाले, लिंक झाले, की प्रोग्रॅम सुरू करताना उत्तर येते, 'लिबएसएसएल डॉट एसओ डॉट ३' उघडता येत नाही. सप्टेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून ६४ बिटांच्या लिनक्सवर आपण बहुतेकदा लिबऐवजी लिब६४ मध्ये उतरता. उबुंटूचा लोडर यूएसआर-लोकलमधल्या त्या फोल्डरात आपणहून डोकावत नाही. फोल्डर त्याच्या यादीत घाला, एलडीकॉन्फिग चालवा, मग दर्शन. विंडोजवर अशा वेळी हवालदिल माणूस कुठल्याशा अनोळखी संकेतस्थळावरून डीएलएल उतरवतो आणि सिस्टिम३२ मध्ये टाकतो. कुणावर विश्वास ठेवावा हे ठरवणारी लायब्ररी अशी वाटेवरच्या अनोळखी माणसाकडून घरात येते.

तक्रारी झाल्या. आता न्यायाने एक गोष्ट कबूल केली पाहिजे : आपला नकार कधी कुणाच्या जिवावर उठला नाही. घात झाला तो निमूट होकाराने. २००६ साली डेबियनमध्ये स्मृतीतल्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंड या अवजाराची कुरकुर थांबावी म्हणून आपल्या कोडातून दोन ओळी काढण्यात आल्या. कुरकुर थांबली, बांधणी सुरळीत झाली, आणि मे २००८ मध्ये ही गोष्ट उघड होईपर्यंत त्या प्रणालीवर तयार होणाऱ्या किल्ल्यांमध्ये यादृच्छिक म्हणावे असे फक्त प्रोसेसचा क्रमांक उरला होता. एका जातीच्या, एका लांबीच्या किल्ल्या मोजून ३२ हजारांच्या घरात. एवढ्या तर कुणीही बसून वापरून पाहाव्यात. ना कंपायलर बोलला, ना लिंकर.

एप्रिल २०१४ चे हार्टब्लीडही तसेच. सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर परस्पर बाहेर देणारा तो कोड दोन वर्षे निर्विघ्न कंपाइल होत होता. ज्यांना तातडीने दुरुस्त केलेल्या १.०.१जी आवृत्तीवर जाणे शक्य नव्हते, त्यांना आपण उपाय सांगितलात : दोष ज्यात होता ती हार्टबीटची सोय बंद करणारा एक फ्लॅग देऊन पुन्हा कंपाइल करा. आपल्याला हाताने बांधायची खटपट ज्यांनी आधी केली होती, त्यांना तो उपाय त्या दिवशी आयता होता.

तेव्हा मागणी अशी नाही की आपण अडवू नये. खुशाल अडवा, फक्त बोट योग्य जागी ठेवा. हेडर ३.० चे आणि लायब्ररी १.१.१ ची जोडली जात असेल, तर दोन्हींचे मार्ग शेजारी शेजारी छापा. आज हे कळायला लिनक्सवर एलडीडीला, मॅकवर ओटूलला आणि विंडोजवर डंपबिनला शरण जावे लागते. ती साधी अवजारे खरे बोलतात, पण 'कुठली प्रत?' हा प्रश्न मुळात सुचावा लागतो. आणि तो सुचत नाही तोवर माणूस एक एक इशारा गप्प करत सुटतो, फ्लॅग टाकून, ओळी काढून. कधीतरी बांधणी होते. तिथेच खरी भीती सुरू होते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक त्रस्त बांधकामगार

ता. क. : १.१.१ या आपल्या आवृत्तीचा सर्वांसाठी खुला असलेला सांभाळ ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला. ती आजही एका शब्दाची तक्रार न करता कंपाइल होते. काळजी तिचीच वाटते.